जेनी लिंड व तिचे श्रोते

शिल्पकार मरण पावला तरी त्याची मूर्ति मागें राहते. कवि गेला तरी त्याचें पुस्तक कोणाच्या तरी घरीं फळीवर असतें. गाणाराची स्थिति मात्र निराळी आहे. त्याची कृति हवेंत उमटते आणि हवेंतच विरून जाते. ध्वनिमुद्रणाची कला निघाल्यापासून ही गोष्ट पूर्वीइतकी खरी राहिलेली नाहीं हें कबूल. बालगंधर्व १९६७ सालीं निवर्तले, तरी त्यांचीं पदें आजही ऐकावयास सांपडतात. परंतु ज्या गायिकेची हकीकत येथें सांगावयाची आहे तिच्या आवाजाची एकही मुद्रिका आज उपलब्ध नाहीं, आणि तिचें गाणें ऐकलेला एकही मनुष्य आज हयात नाहीं. असें असूनही एकोणिसाव्या शतकांत युरोप व अमेरिका ह्या दोन खंडांतील लोकांनीं तिला जितकें प्रेम दिलें तितकें क्वचितच दुसऱ्या कोणा गाणाराच्या वांट्यास आलें असेल. तें प्रेम कशावर जडलें होतें, तिच्या गळ्यावर कीं तिच्यावर, आणि त्या प्रेमाचें तिनें काय केलें, हें पाहण्यासारखें आहे.

जेनी लिंड हिचा जन्म स्वीडन देशाची राजधानी स्टॉकहोम येथें ता. ६ आक्टोबर १८२० रोजीं झाला. तिचें बालपण सुखाचें नव्हतें. बाप हिशेबनीस होता. आई घरींच मुलींची लहानशी शाळा चालवी. आईचा पहिला विवाह मोडला होता, पण पहिला पति हयात आहे तोंपर्यंत पुनर्विवाह करणें धर्मास सोडून होईल असें ती मानी. त्यामुळें जेनीच्या आईबापांचें लग्न जेनी १४ वर्षांची झाल्यावर लागलें. अशा मुलीकडे तत्कालीन समाज कोणत्या दृष्टीनें पाहत असेल हें सांगावयास नको. लहानपणींचीं कांहीं वर्षें तिला परक्यांच्या घरीं काढावीं लागलीं. दिसावयासही ती साधारणच होती. आणि आपण रूपवान् नाहीं ही जाणीव तिच्या मनांतून जन्मभर गेली नाहीं.

खिडकींत बसून आपल्या मांजराला गाणीं ऐकवावीं असा तिला छंद होता. सुमारें ९ वर्षांची असतां ती अशीच गात होती. राजनाटकगृहांतील एका प्रमुख नर्तकीची मोलकरीण त्या रस्त्यानें जात होती. तिनें तें ऐकलें व घरीं जाऊन मालकिणीस सांगितलें. म्हणजे जिच्या तिकिटांचे पुढें लिलांव व्हावयाचे होते तिचा पहिला श्रोता एक मांजर, आणि दुसरी एक मोलकरीण! नर्तकीनें मुलीला बोलावून घेतलें, गाणें ऐकलें, आणि नाटकगृहाच्या संगीतशिक्षकाकडे पाठविलें. तेथें सरकारी खर्चानें तिचें शिक्षण सुरू झालें. दहाव्या वर्षापासून ती रंगभूमीवर लहानसहान कामें करूं लागली, आणि ता. ७ मार्च १८३८ रोजीं वेबर ह्या जर्मन संगीतकाराच्या ऑपेरांत नायिकेची भूमिका करून ती एका रात्रींत राजधानीची आवडती गायिका झाली. (ऑपेरा हा आपल्याकडील संगीत नाटकासारखाच प्रकार, परंतु त्यांत बहुधा संभाषणेंही गाऊनच होतात.)

येथेंच तिच्यावर मोठें संकट आलें. आठवड्यांत कित्येक रात्रीं अवघड भूमिका, मध्यंतरीं गांवोगांव दौरे, आणि आवाज कसा राखावा ह्याचें शास्त्रशुद्ध शिक्षण नाहीं. विसाव्या वर्षींच तिचा गळा बसूं लागला. लोक टाळ्या वाजवीतच होते. स्टॉकहोमच्या श्रोत्यांस आपल्या मुलीचें कौतुक इतकें कीं तिच्या स्वरांतील घोगरेपणा त्यांच्या कानांस जाणवेना. तिला मात्र तो जाणवला. श्रोते तृप्त असतां गाणारानें अतृप्त राहणें ही सामान्य गोष्ट नव्हे. सांठविलेल्या पैशांवर ती १८४१ सालीं एकटी पॅरिसला गेली आणि मान्युएल गार्सिया ह्या प्रख्यात गायनशिक्षकापुढें उभी राहिली. त्यानें परीक्षा घेतली. गातां गातां तिचा आवाज तुटला. हा आवाज आतां उरलेला नाहीं, त्याला शिकविण्यांत अर्थ नाहीं, असा त्यानें स्पष्ट निकाल दिला. तिनें फारच विनविल्यावर त्यानें इतकेंच सांगितलें कीं कांहीं आठवडे गाणें अजिबात बंद ठेवावें, बोलणेंही शक्य तों टाळावें, आणि मग पुन्हां येऊन दाखवावें.

परक्या शहरांत, भाषा अपुरी, गळा मुका, पुढें काय होणार ह्याचा भरंवसा नाहीं, अशा स्थितींत तिनें ते दिवस कसे काढले असतील ह्याची कल्पनाच केलेली बरी. मुदत संपली, गार्सियानें पुन्हां ऐकलें, आणि शिकविण्याचें कबूल केलें. पुढचे सुमारें दहा महिने तिनें श्वास कसा घ्यावा, स्वर कोठून उचलावा, हें अगदीं मुळाक्षरांपासून गिरविलें. आपल्या कंठांत स्वररज्जू असतात. फुप्फुसांतील हवेच्या दाबानें ते कंप पावतात व त्यांतून नाद निघतो. थकलेल्या रज्जूंवर जोर केला म्हणजे त्यांस सूज येते आणि आवाज फाटतो. हें शास्त्र गार्सियाच्या किती अंगीं मुरलें होतें पाहा: १८५४ सालीं दंतवैद्याचा लहानसा आरसा घशांत धरून, सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें, स्वतःच्या जिवंत कंठांतील स्वररज्जूंची हालचाल पाहणारा तो हाच. आज घशाच्या डॉक्टरांकडे जें कंठदर्शक असतें त्याचा उगम त्या आरशांत आहे. हा गृहस्थ १०१ वर्षें जगला.

जेनीचा आवाज परत आला, पण जसाच्या तसा नव्हे. मधल्या पट्टींतील कांहीं स्वरांवर एक पातळसा पडदा कायमचा राहिला असें जाणत्यांचें मत होतें. उलट वरचे स्वर मोठ्या शुद्ध तेजानें लागत. आणि अत्यंत हळू स्वर, जवळजवळ निःश्वासासारखा, थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोंचविण्याची विद्या तिला साध्य झाली. मला वाटतें, श्रोत्यांच्या काळजाचा ठाव घेणारी गोष्ट हीच असावी. मोठ्या आवाजापुढें मनुष्य दिपतो. हळू स्वरासाठीं त्याला स्वतःच पुढें वांकावें लागतें.

१८४२ सालीं ती स्वदेशीं परतली, आणि त्यानंतरच्या पांच-सहा वर्षांत तिचें नांव युरोपभर झालें. १८४३ सालीं ती कोपनहेगनला गेली तेव्हां परीकथाकार हान्स अँडरसन ह्याचें मन तिच्यावर बसलें. तिनें त्याला भावाहून अधिक मानलें नाहीं. खऱ्या पक्ष्याची व यंत्राच्या पक्ष्याची त्याची प्रसिद्ध गोष्ट त्याच सालची. ती लिहितांना त्याच्या डोळ्यांपुढें जेनी होती असें मानतात. नाइटिंगेल हा युरोपांतील रात्रीं गाणारा साधा, करड्या रंगाचा पक्षी. आपण त्याला बुलबुल म्हणतों, पण आपल्या अंगणांतला बुलबुल तो नव्हे. पुढें सारें जग जेनीला ह्याच पक्ष्याच्या नांवानें ओळखूं लागलें. १८४४ सालीं बर्लिन झालें. त्याच सुमारास संगीतकार मेंडेल्सॉन ह्याच्याशीं तिचा स्नेह जुळला.

ह्या काळांतील व्हिएन्नाची एक हकीकत सांगितली पाहिजे. क्लारा शूमान ही त्या युगांतील श्रेष्ठ पियानोवादिका आपले पति रॉबर्ट शूमान ह्यांच्यासह तेथें आली होती. तिच्या पहिल्या मैफलींना श्रोते इतके थोडे जमले कीं खर्चही निघेना. जानेवारी १८४७ मध्यें शेवटच्या मैफलींत जेनीनें आपण होऊन गाण्याचें कबूल केलें, आणि सभागृह तुडुंब भरलें. मागचा तोटा भरून निघून वर पैसे उरले. क्लाराला त्याचा आनंद झाला, परंतु दुःखही झालें. इतक्या वर्षांच्या साधनेनें जें साधलें नाहीं तें दुसरीच्या एका गीतानें साधावें, हें तिच्या मनाला लागलें. तिचा सल समजण्यासारखा आहे. लोकांचें प्रेम न्यायाच्या तराजूनें वांटलें जात नाहीं.

त्याच वर्षीं ता. ४ मे रोजीं लंडनमध्यें तिचा पहिला प्रयोग झाला. राणी व्हिक्टोरिया हजर होती; मेंडेल्सॉनही होता. दाराशीं इतकी रेटारेटी झाली कीं लोकांचे कपडे फाटले. लीड्स येथील कारखान्यानें त्या वर्षीं बांधलेल्या आगगाडीच्या नव्या इंजिनाला जेनी लिंड हें नांव दिलें. गायिकेचें नांव लोखंडाच्या इंजिनाला मिळावें ह्यापेक्षां लोकप्रियतेचा आणखी पुरावा काय पाहिजे? परंतु नोव्हेंबरांत मेंडेल्सॉन ३८ व्या वर्षींच वारला. कित्येक दिवस तिला त्याची गीतें गाववेनात. एलिजा नांवाच्या त्याच्या धर्मविषयक संगीतकृतींतील वरच्या आवाजाचा भाग त्यानें तिचाच गळा मनांत धरून रचिला होता; तो तिनें डिसेंबर १८४८ मध्यें लंडनला गाइला, आणि जमलेले हजार पौंड त्याच्या नांवाच्या शिष्यवृत्तीस दिले. ती शिष्यवृत्ति प्रथम १८५६ सालीं आर्थर सलिव्हन नांवाच्या १४ वर्षांच्या मुलाला मिळाली. तोच पुढें इंग्लंडचा नामांकित संगीतकार झाला.

आणि कीर्ति शिगेस पोंचली असतां, ता. १० मे १८४९ रोजीं, ऑपेराच्या रंगभूमीवर शेवटचें काम करून तिनें ती रंगभूमि कायमची सोडली. तिचें वय तेव्हां अवघें २८ वर्षांचें होतें. लोकांस विश्वास वाटेना. कारणें अनेक असावींत. पडद्यामागील हेवेदावे तिला मानवत नसत. प्रत्येक प्रयोगापूर्वीं भीतीनें तिचा जीव कासावीस होई. आणि तिच्या धर्मनिष्ठ मनाला त्या जीवनांत समाधान नव्हतें. गाणें मात्र तिनें सोडलें नाहीं; ह्यापुढें सोंग न घेतां, स्वतःच्याच रूपानें, मैफलींत उभें राहून गावें असा तिनें निश्चय केला.

ह्याच संधीस अमेरिकेंतून बोलावणें आलें. बोलावणारा फिनीअस बार्नम हा विचित्र वस्तूंचें प्रदर्शन मांडून पैसा मिळविणारा पक्का व्यवहारी मनुष्य. त्यानें जेनीचें गाणें कधीं ऐकलेलें नव्हतें. १५० मैफली, प्रत्येकीस हजार डॉलर, शिवाय सर्व खर्च, असा करार जानेवारी १८५० मध्यें ठरला. आणि बार्नमला १,८७,५०० डॉलर आगाऊ लंडनच्या पेढींत भरावे लागले. जेनीला एवढा पैसा कशाला हवा होता? स्वीडनमध्यें गरिबांच्या मुलांसाठीं मोफत शाळा काढाव्या हें तिच्या मनानें घेतलें होतें. इकडे करार झाल्याची वार्ता बार्नमनें आगगाडींत एका कंडक्टरला मोठ्या ऐटीनें सांगितली, तों त्यानें विचारिलें कीं ही बाई नाचणारी आहे काय! तेव्हां बार्नम समजला कीं आपण विकत घेतलेलें नांव आपल्या देशांत कोणासच ठाऊक नाहीं. पुढचे सात-आठ महिने त्यानें वर्तमानपत्रें तिच्या गोष्टींनीं भरून टाकलीं: तिचें गरीब बालपण, तिचा साधा पोशाख, तिचे दानधर्म. गळ्याविषयीं थोडें, गुणांविषयीं फार.

त्याचें फळ ता. १ सप्टेंबर १८५० रोजीं न्यूयॉर्कच्या धक्क्यावर दिसलें. अटलांटिक जहाजावरून जेनी उतरली तेव्हां ३० ते ४० हजार लोक लोटले होते, आणि त्यांतील बहुतेकांनीं तिचा एक स्वरही ऐकलेला नव्हता! पहिल्या मैफलीच्या तिकिटांचा लिलांव झाला. पहिलें तिकीट एका टोप्यांच्या व्यापाऱ्यानें २२५ डॉलरांस घेतलें, व त्यामुळें त्याच्याच टोप्यांचा खप वाढला. बॉस्टनला एका तिकिटास ६२५ डॉलर पडले. हातमोजे, टोप्या, शाली, खुर्च्या, पियानो, सर्वांना जेनीचें नांव लागलें. लहान मुलांच्या एका प्रकारच्या पाळण्यास अमेरिकेंत अजूनही तिचें नांव आहे. ह्या वेडाची एक मजेदार गोष्ट बार्नमनेंच लिहून ठेविली आहे. (बार्नमच्या गोष्टींतून चार आणे वजा करूनच घ्यावें, पण ही खरी दिसते.) बाल्टिमोर शहरीं त्याची मुलगी एका चर्चमध्यें जाऊन गायकवृंदांत बसली. ही जेनी लिंडच आहे अशी कुजबुज उठली, आणि बाहेर पडतांना लोक त्या दैवी आवाजाची वाखाणणी करीत होते. मुलीचा आवाज चारचौघींसारखाच होता.

मग हें प्रेम खोटेंच होतें काय? कवि वॉल्ट व्हिटमन ह्यानें न्यूयॉर्कला तिचें गाणें ऐकलें आणि तिच्या कौशल्यानें तो थक्क झाला, परंतु त्याचें हृदय हललें नाहीं असें त्यानें नमूद केलें आहे. अशा श्रोत्याचेंही मत ऐकलें पाहिजे. तथापि बार्नमच्या ढोलताशांनीं लोक दारापर्यंतच आणतां आले असते. आंत बसल्यावर जें घडे तें त्याच्या हातचें नव्हतें. पहिली मैफल ता. ११ सप्टेंबर रोजीं कॅसल गार्डन ह्या जुन्या किल्ल्याच्या सभागृहांत झाली. हजारों लोकांच्या जयघोषानें प्रथम ती गोंधळली व सुरुवातीचे स्वर कांपले असें तेथें असलेल्यांनीं लिहिलें आहे. ऑपेरांतील अवघड पदें झाल्यावर ती नॉर्वेचें गुराख्याचें गाणें म्हणे. संध्याकाळीं डोंगरावरून गुरांना हांक मारावी आणि समोरच्या कड्यावरून ती हांक परत यावी, असा त्याचा घाट. आणि हांक व प्रतिध्वनि दोन्ही ती एकाच गळ्यांतून काढी. त्या वर्षांत आयर्लंड, जर्मनी, स्कँडिनेव्हिया येथून हजारों माणसें घरदार सोडून त्या शहरांत उतरत होतीं. पांच वर्षांनीं तोच किल्ला परदेशांतून येणाऱ्यांच्या नोंदणीचें ठाणें झाला. अशा लोकांच्या कानांवर दूरच्या डोंगरांतली घरीं बोलावणारी हांक पडल्यावर त्यांना काय वाटलें असेल, हें परमुलखांत नोकरीस गेलेल्या कोणाही मराठी माणसाला विचारावें.

त्या पहिल्या रात्रींचा आपल्या वांट्याचा सर्व पैसा, सुमारें १० हजार डॉलर, तिनें न्यूयॉर्कमधील धर्मादाय संस्थांना वांटला. त्यांत आग विझविणाऱ्यांच्या विधवांचा व मुलांचा फंडही होता. ती शहरोशहरीं फिरली, आणि गांवोगांव देत गेली. परंतु तिकिटांचे लिलांव व बार्नमचा बाजारी थाट तिला सोसेना; १८५१ च्या जूनमध्यें सुमारें ९५ मैफलींनंतर तिनें कराराप्रमाणें दंड भरून त्याच्यापासून मुक्तता करून घेतली. तोंवर तिकिटांचें उत्पन्न ७ लक्ष १२ हजार डॉलरांवर गेलें होतें. त्यांपैकीं तिच्या हातीं पावणेदोन लक्षांहून थोडे अधिक आले. ता. ५ फेब्रुवारी १८५२ रोजीं बॉस्टन येथें तिनें आपला साथीदार ओटो गोल्डश्मिट ह्याच्याशीं विवाह केला. तो मेंडेल्सॉनचा शिष्य, व तिच्याहून ९ वर्षांनीं लहान होता. २०१७ सालीं निघालेल्या एका गाजलेल्या चित्रपटांत तिचें मन बार्नमवर जडल्याचें दाखविलें आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं तो पाहिला असेल, म्हणून सांगतों कीं त्यास कांहींएक आधार नाहीं.

पुढचीं वर्षें शांततेचीं आहेत. तीन मुलें झालीं. कुटुंब इंग्लंडमध्यें स्थायिक झालें. ती आतां क्वचित् गाई, आणि बहुधा कोणत्या तरी कार्यासाठीं. क्रिमियाच्या युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या परिचारिका-शिक्षणाच्या फंडाकरितां तिनें १८५६ सालीं लंडनमध्यें गाऊन जवळजवळ २ हजार पौंड मिळवून दिले.

१८७६ सालीं लंडनमध्यें बाख ह्या थोर संगीतकाराची बी मायनर मास ही महाकृति इंग्लंडांत प्रथमच संपूर्ण सादर झाली. वृंदाचा नायक ओटो होता. वरच्या आवाजाच्या बायकांच्या रांगेंत ५५ वर्षांची एक स्त्री इतरांबरोबर उभी राहून गात होती. तालमींत नवख्या मुलींना सांभाळून घेण्याचें काम तिचेंच असे. कार्यक्रमांत तिला एकटीला गावयाचें एकही पद नव्हतें. जिच्या एका तिकिटाला ६२५ डॉलर पडले होते ती हीच. गळ्याची जुनी चमक गेली होती. तिला त्याचें भान होतें, आणि शंभर आवाजांत आपला आवाज मिसळून देण्यांत तिला उणेपणा वाटला नाहीं. लोकांच्या जयघोषापासून ती जन्मभर जें शोधीत होती तें तिला येथें सांपडलें असावें असें मला वाटतें. १८८३ सालीं लंडनमध्यें रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिक निघालें तेव्हां ती तेथें गायनाची प्राध्यापिका झाली, आणि गार्सियानें पॅरिसमध्यें दिलेलें श्वासाचें शिक्षण इंग्लंडच्या मुलींना देऊं लागली. त्याच वर्षीं मॉल्व्हर्न येथें रेल्वेच्या नोकरांच्या मदतफंडासाठीं ती शेवटचें जाहीर गाणें गाइली. ता. २ नोव्हेंबर १८८७ रोजीं मॉल्व्हर्नच्या टेकड्यांतील आपल्या घरीं ती वारली.

१८९४ सालीं वेस्टमिन्स्टर अ‍ॅबींत हँडेलच्या पुतळ्याखालीं तिची स्मृतिशिला बसविण्यांत आली. स्वीडनमध्यें १९९६ सालीं ५० क्रोनरच्या नोटेवर तिचें चित्र छापण्यांत आलें. १०-१५ रुपयांचा हिशेब करणाऱ्या बाजारच्या माणसांच्या हातांतून तें सुमारें वीस वर्षें फिरलें, मग नवी नोट निघाली व जुनी रद्द झाली. इंग्लंडांतील नॉरिच शहरीं १८४९ सालीं ती गाइली होती. त्या पैशांतून १८५४ सालीं आजारी मुलांसाठीं एक दवाखाना निघाला.  आज तो तेथील मोठ्या विद्यापीठ-रुग्णालयाचा बालविभाग आहे, आणि त्याचें नांव अजून जेनी लिंड असेंच आहे.